शब्दचर्चा: ‘प्रायमेट सिटी’ला काय म्हणावे? आणि बाकीची शहरे झाकोळतात की खुरटतात?

चर्चाप्रस्ताव

भूगोलावरचा एक लेख मराठीत आणते आहे आणि दोन दिवस एकाच परिच्छेदापाशी अडकले आहे. परिच्छेदाचा आशय असा: एखाद्या देशातले एक शहर इतके वाढते की बाकीची शहरे त्याच्यापुढे दिसेनाशी होतात. छोट्या देशात हे समजण्यासारखे आहे, पण देश अफाट असेल तरीही असे घडते का?

अशा शहराला मूळ लेखात ‘प्रायमेट सिटी’ म्हटले आहे. ही संज्ञा अमेरिकन भूगोलतज्ज्ञ मार्क जेफरसन यांनी १९३९ साली मांडली. त्यांची कसोटी दुहेरी आहे: दुसऱ्या क्रमांकाच्या शहरापेक्षा वस्ती निदान दुप्पट हवी, आणि महत्त्व दुपटीहूनही जास्त हवे. ‘प्रायमेट’च्या मुळाशी लॅटिनमधला ‘पहिला’ या अर्थाचा शब्द आहे. चर्चच्या व्यवस्थेत काही ठिकाणी सर्वांत वरिष्ठ बिशपला हेच म्हणतात, आणि प्राणिशास्त्रात ज्याला आपण नरवानर गण म्हणतो त्यालाही हेच नाव.

मी लिहून खोडलेले शब्द: ‘प्रमुख शहर’ (फारच सौम्य, देशात दहा प्रमुख शहरे असू शकतात), ‘महानगर’ (आपल्याकडे दहा लाख वस्तीची कसोटी राज्यघटनेतच आहे, त्यामुळे महानगरेही पुष्कळ), ‘आद्य नगर’ (आद्य म्हणजे काळाने पहिले; आद्यकवी म्हणतो तसे. इथे वय नाही, वजन मोजायचे आहे).

आणि क्रियापद? ‘झाकोळणे’ लिहिले आहे. वाचायला छान वाटते, पण अर्थ पुरता येत नाही असे सारखे वाटते आहे. तुम्ही काय लिहाल?

प्रतिसाद

‘प्रधान नगर’ घ्या. विद्यार्थ्याला चटकन कळते, उच्चारायला सोपे. शब्द फार ताणू नये.

प्रतिसाद

‘प्रधान’लाही तीच अडचण येते जी तुम्हाला ‘प्रमुख’ची आली. माझी साधी कसोटी अशी: त्या शब्दाचे एकाच देशापुरते अनेकवचन करून बघावे. ‘या देशातली तीन प्रधान नगरे’ हे वाक्य कानाला खटकत नाही, म्हणजे शब्द चुकला. मूळ संज्ञेत एकटेपणा आहे. देशात असे शहर एक असते, नाहीतर नसतेच.

मराठीत असा एकटेपणा ‘पट्टराणी’त आहे. राण्या कितीही असोत, पट्टराणी एकच. त्यावरून ‘पट्टनगर’ करता येईल.

प्रतिसाद

‘पट्टनगर’ वाचल्यावर निम्म्या लोकांना ‘पट्टण’ आठवेल आणि ते बंदर शोधत बसतील. शिवाय पट्टराणीला तो मान दिलेला असतो, ती बाकीच्या राण्यांच्या दुप्पट असते म्हणून नव्हे. इथे मान कोणी दिलेला नाही, आकारामुळे आलेला आहे.

नामाचे नंतर बघू. मला क्रियापदाबद्दल बोलायचे आहे, कारण तुमची शंका रास्त आहे आणि परिच्छेदातल्या प्रश्नाचे उत्तर त्या क्रियापदातच दडले आहे असे मला वाटते.

आभाळ झाकोळते तेव्हा काय होते? ढग येतो, उजेड मंदावतो, खालच्या वस्तू असतात तिथेच आणि असतात तेवढ्याच राहतात. फक्त दिसत नाहीत. ढग सरला की पुन्हा दिसू लागतात. म्हणजे ‘झाकोळणे’ हा बघणाऱ्याच्या डोळ्यांशी संबंधित शब्द आहे. मोठ्या झाडाखाली रोप ‘खुरटते’ ते वेगळे. तिथे ऊन, पाणी आणि माती या तिन्हींत वाटा गेलेला असतो. झाड उद्या तोडले तरी खुरटलेले रोप लगेच उंच होत नाही.

एका शहरामुळे दुसरी शहरे झाकोळतात का, आणि खुरटतात का, हे दोन प्रश्न आहेत. अफाट देशात पहिल्याचे उत्तर बरेचदा ‘हो’ येते आणि दुसऱ्याचे ‘नाही’.

रशिया घ्या. क्षेत्रफळाने जगातला सर्वांत मोठा देश. मॉस्कोची वस्ती १ कोटी ३० लाखांच्या घरात, सेंट पीटर्सबर्ग ५६ लाखांच्या आसपास, म्हणजे दुपटीची अट सहज पुरी. आता तिथल्या रेल्वेची एक गोष्ट पाहा. २०१८ च्या ऑगस्टपर्यंत सबंध देशभर गाड्यांचे वेळापत्रक आणि तिकिटांवरची वेळ मॉस्कोची असे. व्लादिवोस्तोक मॉस्कोच्या सात तास पुढे. तिथला प्रवासी संध्याकाळी सात वाजता स्टेशनात शिरायचा तेव्हा त्याच्या तिकिटावरच्या हिशेबाने दुपारचे बारा वाजलेले असायचे. स्वतःच्या गावातली संध्याकाळ आणि हातातल्या कागदावरची भर दुपार. झाकोळणे याहून नेमके दाखवता येणार नाही.

पण त्याच रेल्वेवर नोवोसिबिर्स्क बघा. १८९३ साली ओब नदीवरच्या पुलाच्या कामासाठी वसलेली वस्ती, आज १६ लाखांवर माणसे. मॉस्कोपासून रेल्वेने ३ हजार ३०० किलोमीटर. इतक्या अंतरावरच्या मुलखाला स्वतःची विद्यापीठे, दवाखाने, कारखाने आणि बाजारपेठ हवीच असते, कारण रोजच्या गरजेसाठी कोणी तीन हजार किलोमीटर जात नाही. अंतर हे छोट्या शहरांचे कुंपण आहे. मॉस्कोने नोवोसिबिर्स्कला झाकोळले, खुरटवले नाही.

प्रतिसाद

झाकोळणे आणि खुरटणे हा भेद फार आवडला. पण ‘अफाट देशात खुरटत नाहीत’ हे मान्य करता येत नाही. अर्जेंटिना क्षेत्रफळाने जगात आठवा आहे. तरी देशातली जवळजवळ एक तृतीयांश माणसे ब्यूनस आयरीस आणि त्याच्या उपनगरांत राहतात. कुंपण होते, मग रोप का वाढले नाही?

कारण अंतराचे कुंपण तोडता येते, आणि तिथे ते तोडले गेले. एकोणिसाव्या शतकात त्या देशाच्या सरकारी उत्पन्नाचा मुख्य झरा म्हणजे जकात, आणि जकात गोळा व्हायची ब्यूनस आयरीसच्या बंदरात. ते पैसे एका शहराचे की सगळ्या प्रांतांचे, यावरून दशकानुदशके लढाया झाल्या. १८८० मध्ये शहर प्रांतातून वेगळे काढून संघराज्याची राजधानी केले तेव्हा तो वाद मिटला. रेल्वेचा नकाशा पाहिला तर बंदर म्हणजे तळवा आणि रूळ म्हणजे पसरलेली बोटे. एका बोटाच्या टोकावरून शेजारच्या बोटाच्या टोकाला जायचे तर तळव्यातून जावे लागते. मग मधल्या गावाला बाजारपेठ व्हायला कारणच उरत नाही.

१९४० साली एसेकिएल मार्तिनेस एस्त्रादा यांनी या शहरावर पुस्तक लिहिले, त्याचे नावच ‘गोलियाथचे डोके’. अशक्त धडावर राक्षसाचे मस्तक. आणि इंग्लंडमध्ये त्याच्याही शंभरेक वर्षे आधी पत्रकार विल्यम कॉबेट लंडनला जो शब्द वापरत असत त्याला मराठीत अगदी चपखल शब्द आहे: आवाळू. अंगावर वाढणारी मांसाची गाठ. ती परक्याची नसते, आपल्याच रक्तावर वाढते, म्हणून मला ‘बांडगूळ’पेक्षा ‘आवाळू’ जास्त खरा वाटतो. मोठे शहर बाहेरून येऊन चिकटत नाही. देशाच्याच माणसांनी, देशाच्याच पैशाने ते मोठे होते.

फ्रान्समध्येही हेच. १८४२ च्या कायद्याने रेल्वेचे मुख्य मार्ग पॅरिसमधून चांदणीसारखे काढले. रस्त्यांची अंतरे नोत्र दामच्या समोरच्या एका बिंदूपासून मोजतात. पॅरिसबाहेरच्या सगळ्या देशाला एकच शब्द पुरतो, ‘प्रोव्हँस’ म्हणजे प्रांत. ल्यों असो, बोर्दो असो, सगळे ‘प्रांतात’. १९६० च्या दशकात सरकारने ठरवून आठ ‘समतोल महानगरे’ निवडली आणि तिकडे पैसा, संस्था वळवायला सुरुवात केली, कारण आपोआप ते होत नव्हते.

तेव्हा माझ्या मते देशाचा आकार मदत करतो, निर्णय मात्र करत नाही. पैसा, वाट आणि हुकूम या तीन गोष्टी एकाच दारातून जात असतील, तर अफाट देशातली शहरेही खुरटतात.

प्रतिसाद

‘प्रोव्हँस’वरून आपल्याकडचा ‘मुफसल’ आठवला. कंपनी सरकारच्या काळात सदर अदालत आणि मुफसल अदालत अशी जोडी होती. अरबीत मुफस्सल म्हणजे सुटा केलेला, तपशीलवार. उर्दूत ‘मुफस्सल बयान’ म्हणतात ते तेच. ‘सदर’ म्हणजे मुख्य, वरचा. मूळ शब्दात काहीही हिणवणारे नाही. पण मुख्य ठाणे एकदा ‘सदर’ झाले की उरलेला सगळा मुलूख ‘मुफसल’, आणि हळूहळू त्या शब्दाला मागासपणाचा वास लागला. शहराने आधी नाव पळवले, बाकीचे मागाहून.

प्रतिसाद

नाव पळवण्याचे सर्वांत ठळक उदाहरण इजिप्त. तिथली माणसे देशाला ‘मस्र’ म्हणतात आणि बोलण्यात कैरोलाही ‘मस्र’च म्हणतात. अलेक्झांड्रियाहून कैरोला निघालेला माणूस ‘मस्रला जातो’ म्हणतो. तो इजिप्तमध्ये नसल्यासारखा!

आणि कैरोचे अरबी नाव अल् काहिरा, म्हणजे नमवणारी, जिंकणारी. आपण रोज वापरतो तो ‘कहर’ शब्द याच धातूचा.

प्रतिसाद

आकड्यांबद्दल एक सावधगिरी, लेखात घालता आली तर बघा. ‘दुप्पट’ ही अट हद्दीवर फार अवलंबून आहे. २०२१ च्या जनगणनेत लंडन ८८ लाख आणि बर्मिंगहॅम ११ लाख ४५ हजार, म्हणजे जवळजवळ आठपट. पण बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेपुरते न थांबता त्याला चिकटलेली सगळी वस्ती धरली तर ते प्रमाण तीन-चार पटींवर येते. पॅरिसचे उलटे. नगरपालिकेच्या हद्दीत २१ लाख, मार्सेयपेक्षा जेमतेम अडीचपट; हद्दीबाहेरची वस्ती धरली तर कोटीच्या वर.

ज्या देशात असे शहर नाही तिथे काय दिसते, तेही बघण्यासारखे आहे. झिफ यांचा नियम सांगतो की दुसरे शहर पहिल्याच्या निम्मे, तिसरे एक तृतीयांश, चौथे एक चतुर्थांश, अशी उतरंड असते. अमेरिकेची २०२० ची जनगणना: न्यूयॉर्क ८८ लाख, लॉस एंजेलिस ३९, शिकागो २७, ह्यूस्टन २३. नियमाने यायला हवे होते ४४, २९, २२. इतके जवळ! (न्यूयॉर्क इथे दुपटीच्या थोडे वर दिसते, पण दोन्हींची उपनगरे धरली तर तेही नाही.) भारतातही एक शहर शिरजोर झालेले नाही. २०११ ला मुंबई १ कोटी ८४ लाख, दिल्ली १ कोटी ६३ लाख, कोलकाता १ कोटी ४१ लाख, म्हणजे उतरंड सोडाच, खांद्याला खांदा.

ऑस्ट्रेलिया मात्र विचार करायला लावतो. देशपातळीवर सिडनी आणि मेलबर्न तुल्यबळ. त्यांच्या चुरशीमुळेच राजधानी न्यू साउथ वेल्समध्ये पण सिडनीपासून निदान शंभर मैल दूर हवी असे घटनेतच लिहावे लागले, आणि कॅनबेरा वसवले. पण एकेका राज्यात शिरून बघा. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात पाचांपैकी जवळजवळ चार माणसे पर्थमध्ये राहतात. देश मोकळा, राज्ये मात्र एकेका शहराच्या सावलीत.

चर्चाप्रस्तावकाकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. वरच्या प्रतिसादात सहज आलेला ‘शिरजोर’ वाचला आणि मी उठून उभीच राहिले. शिर आणि जोर. डोक्याला धडापेक्षा जास्त बळ आलेले. गोलियाथच्या डोक्याचे चित्र त्या एका शब्दात आहे, आणि ‘या देशात तीन शहरे शिरजोर आहेत’ हे वाक्य जीभ अडखळल्याशिवाय म्हणता येत नाही, म्हणजे अनेकवचनाच्या कसोटीलाही तो उतरतो. त्यात दोषाची छटा आहे हे खरे. थायलंडच्या बँकॉकसारख्या शहराचा नुसता आकार सांगायचा असेल तिथे ती छटा नको. म्हणून व्याख्येच्या ओळीत ‘प्रधान नगर’ ठेवते, एकटेपणा पुढच्या वाक्यात स्पष्ट करते, आणि जिथे लेखकाने वर्चस्वाबद्दल तक्रार केली आहे तिथे ‘शिरजोर’ लिहिते.

‘मातृनगर’ही डोक्यात आले होते. मेट्रोपोलिस या ग्रीक शब्दाचा अर्थ शब्दशः तोच, वसाहती पाठवणारे आईशहर. पण आई पोसते, आणि इथे नेमका वाद पोसण्याचाच आहे. १९५५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ बर्ट होसेलिट्झ यांनी शहरांची जी विभागणी केली ती मराठीत ‘पोषक’ आणि ‘शोषक’ अशी एका अक्षराच्या फरकाने उतरते. ती लेखात पुढे येणारच आहे, तेव्हा आईला इथे मध्ये आणत नाही.

परिच्छेद आता असा झाला आहे:

‘अफाट देशातही एक शहर इतर शहरांना झाकोळू शकते, बातम्या, नावे आणि घड्याळेसुद्धा त्याचीच चालतात. पण इतर शहरे खुरटतात ती त्याच्या आकारामुळे नव्हे. देशाचा पैसा, रस्ते आणि हुकूम त्याच एका शहरातून जाऊ लागले की ती खुरटतात.’

‘हुकूम’च्या जागी आधी ‘निर्णय’ लिहिले होते, ते बदलले. निर्णय कुठेही होतो, हुकूम वरून येतो.

प्रतिसाद

‘त्याच एका शहरातून’ ऐवजी ‘त्याच एका दारातून’ करा. बाकी हात लावू नका.