मदत हवी आहे! गाईचं दूध विरजत नाही

नमस्कार मंडळी, मी पलूसजवळचा. आमच्या जर्सी गाईला दगडी (कासेला सूज) झाली. डॉक्टरांनी सडात अँपिसिलिन-क्लॉक्सासिलिन या दोन अँटिबायोटिकच्या ट्यूबा सोडल्या, सूज उतरली. ते दूध डेअरीला घातलं नाही, पण आईनं हट्टानं लिटरभर उकळून बायकोकडून विरजण लावून घेतलं. सकाळी पातेल्यात दूध जसंच्या तसं, वर नुसती साय. बायकोचा हात उगाच बदनाम!

पुतणी सांगलीत बी.एस्सी. करते. ती म्हणते, या औषधांत चार अणूंचं कडं असतं, तीन कार्बन नि एक नायट्रोजन. चौकोनात कोंबल्यामुळं ते ताणलेलं. जिवाणूची भिंत विणणारं एन्झाइम त्याला आपला नेहमीचा माल, म्हणजे दोन डी-अ‍ॅलानिनचं (एका अमिनो आम्लाचं) टोक समजून धरतं. कडं उघडतं आणि एन्झाइमलाच चिकटून बसतं. भिंत अर्धवट, जिवाणू फुटतो. आपल्या पेशींना भिंतच नाही, पण विरजणातल्या जिवाणूंना आहे, म्हणून तेही आडवे. इथवर पटलं.

आता अडलंय ते असं. कडं एवढं ताणलेलं, तर उकळी आल्यावर मोडत कसं नाही? आणि काही जिवाणू कडं फोडणारं एन्झाइम बाळगतात, त्याला क्लॉक्सासिलिन सहसा दाद देत नाही म्हणे. मग ते सोबतच्या अँपिसिलिनलाही वाचवतं, की फक्त स्वतःपुरतं?

खोक्यावर लिहिलेले दिवस संपेपर्यंत दूध टाकूनच देतोय. फार्मसीवाले, पशुवैद्यक कुणी असाल तर सोप्या भाषेत सांगा. आई अजून विरजणालाच शिव्या घालतेय.