आजोबांच्या पेटीचे सगळे सूर बदलावेत का?

प्रश्न : आंतरूजवासी, फोंडा

सप्रेम नमस्कार. आमच्या घरी आजोबांची खर्ज-नर जोडसुरांची, म्हणजे दर पट्टीला एक खर्जाचा आणि एक मधला असे दोन सूर असलेली पेटी (हार्मोनियम) आहे. ते असेपर्यंत दर गुरुवारच्या भजनाला ती वाजायची आणि चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आरत्यांना घुमट, शमेळ व कांसाळ्यांच्या बरोबरीने ती माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली, मांडलेली असायची. त्यांच्या पश्चात गेली बारा वर्षे ती कापडात गुंडाळून कपाटावर ठेवलेली होती. गेल्या आठवड्यात मी ती उघडली, तेव्हा मध्य सप्तकातले दोन सूर मुके झाल्याचे दिसले. पंचम मात्र पट्टी न दाबताच, भाता हलवला की गुणगुणत राहतो आणि भरलेली हवाही क्षणात निघून जाते. मी पेटी ज्या दुकानात दाखवली, तिथे सगळे सूर (म्हणजे आतल्या वाजणाऱ्या पितळी जिभा) काढून नवे बसवावेत, असे सांगण्यात आले. सूर जर्मन आहेत, असे आजोबा सांगत आणि आम्हा सगळ्यांच्या कानात त्यांचाच आवाज बसलेला आहे. चवथीला सात आठवडे उरले आहेत. सूर बदलण्यावाचून खरोखरच दुसरा मार्ग नाही का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : बार्देसचा रहिवासी, म्हापसा

सूर मुळीच बदलू नका, निदान इतक्यात तरी नाही. आपण वर्णन केलेल्या तीन दोषांपैकी दोन सुरांचे नाहीतच, ते कातड्याचे आणि लाकडाचे आहेत. जी पितळी जीभ पन्नास वर्षे वाजली, ती बारा वर्षे नुसती पडून राहिल्याने निकामी होत नाही.

आधी भात्याची परीक्षा करा. समोरच्या, सुरांकडे जाणारी हवा अडवणाऱ्या सर्व खुंट्या बंद करून भाता पूर्ण भरा आणि हात सोडून पाहा. खुंट्या बंद असतानाही हवा भराभर उतरत असेल, तर गळती भात्याच्या घड्यांत किंवा खालच्या हवापेटीत आहे. बंद असताना हवा टिकते आणि उघडताच उतरते असे आढळले, तर हवा पट्ट्यांखालून निसटते आहे असे समजावे. पंचम आपोआप वाजण्याचे कारणही तिथेच असणार. प्रत्येक पट्टीखाली कातडे लावलेला लाकडी तुकडा छिद्र झाकून बसलेला असतो आणि तारेची स्प्रिंग त्याला दाबून धरते. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्टी शेजारणीला घासली, स्प्रिंग सैल पडली किंवा कातड्याखाली कचरा अडकला, तर छिद्र पूर्ण झाकले जात नाही आणि सूर गुणगुणत राहतो.

मुक्या सुरांसाठी सुरांची फळी उचलावी लागेल; सूर तिच्या खालच्या अंगाला स्क्रूने बसवलेले असतात. जीभ आणि चौकट यांच्यामध्ये केसाइतकी फट असते, तिथे धुळीचा एक कण अडकला तरी जीभ हलत नाही. साध्या वहीच्या कागदाची अरुंद पट्टी फटीतून अलगद ओढावी. सुई वापरू नये आणि तेलाचा तर थेंबही लावू नये, कारण तेलावर धूळ धरते आणि महिनाभरात तोच सूर पुन्हा मुका होतो.

उत्तर : पेडण्याची वाचक

वरील उत्तराशी मी पूर्णपणे सहमत आहे, त्यात एकाच गोष्टीची भर घालते. सफाईनंतर एखादा सूर उतरलेला वाटला, तर स्वतः कानस हातात घेऊ नका. जिभेच्या टोकाकडे खरवडले की सूर चढतो आणि मुळाकडे खरवडले की उतरतो, हे ऐकायला सोपे आहे, परंतु एकदा गेलेले पितळ परत येत नाही. माझ्या थोरल्या भावाने उत्साहाच्या भरात एक गांधार असाच कायमचा गमावला. शिवाय टोकावर हिरवा गंज चढला की त्याच्या वजनानेच सूर उतरतो, म्हणून आधी मऊ कोरड्या कुंचल्याने जीभ साफ करून पुन्हा ऐकावे. पुष्कळदा तेवढ्याने सूर जागेवर येतो.

भात्याच्या घड्यांना मेंढीचे पातळ कातडे सरसाने चिकटवावे. आपल्याकडच्या पावसात सरस सुकायला फार वेळ घेतो, म्हणून निदान तीन दिवस भाता हलवू नका. झुरळांना सरस फार आवडतो, तेव्हा पेटी बंद करताना कडुनिंबाची वाळलेली पाने आत ठेवायला विसरू नका.

उत्तर : काणकोणचा प्रवासी

एखादा सूर खरोखरच तुटलेला निघाला, तर मिरजेचा विचार करावा. ते गाव सतार-तंबोऱ्यांसाठी नावाजलेले असले, तरी मी माझी पेटी तिथेच दुरुस्त करून घेतली. मडगावहून गोवा एक्स्प्रेस लोंढा, बेळगावमार्गे थेट मिरजेला जाते आणि पावसाळ्यात दूधसागर खिडकीतूनच दिसतो, त्यामुळे प्रवासाचा शीण वाटत नाही. मात्र नुसता सूर घेऊन जाऊ नका, संपूर्ण पेटी न्या, कारण हातात जुळवलेला सूर आपल्या खोबणीत बसला की किंचित वेगळा बोलतो. गोव्याच्या ज्या मातीने बोरी गावचे पं. तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८) यांच्यासारखा पेटीवादक दिला, तिथल्या घराघरांतल्या जुन्या पेट्या सूर बदलून परक्या होऊ नयेत, असे मला मनापासून वाटते.

आंतरूजवासी, फोंडा

आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. नऊ दिवसांनी लिहितो आहे. भाता खुंट्या बंद असतानाही उतरत होता. उजवीकडच्या तिसऱ्या घडीचा सरस झुरळांनी बोटभर लांबीत खाल्लेला सापडला आणि तिथे नवे कातडे लावले आहे. पंचमाच्या कातड्याखाली उदबत्तीच्या राखेची खपली होती, ती काढताच गुणगुण थांबली. मुक्या सुरांपैकी मध्यमात पतंगाच्या पंखाचा तुकडा अडकला होता. कागदाची पट्टी दुसऱ्यांदा ओढल्यावर तो बाहेर आला आणि सूर लागला, तेव्हा स्वयंपाकघरातून आई हात पुसत बाहेर आली आणि काही न बोलता पेटीजवळ बसून राहिली.

दुसरा सूर, धैवत, मुळाशी तडकलेला आहे. तेवढा एकच बदलायचा असे ठरवले असून पुढच्या गुरुवारी पेटी घेऊन मडगावहून मिरजेला निघतो आहे.