मिरजेतील जवारी कारागिरांच्या आठवणी हव्या आहेत

नमस्कार. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आनंद आहेच. परंतु ज्यांचे नाव वाद्यावर कधी कोरले गेले नाही, अशा जवारी लावणाऱ्या, म्हणजे वाद्याच्या तारा ज्यावर टेकतात ती घोडी घासून स्वराला गुंजन आणणाऱ्या, कारागिरांची नोंद कोठेच राहू नये, हे मनाला पटत नाही.

आमच्या घरचा तंबोरा ज्यांच्याकडे जात असे, ते गृहस्थ घोडीवर कानस हलकेच फिरवीत, तार छेडीत, डोळे मिटून ऐकत, पुन्हा कानस उचलत, आणि अखेरीस तारेखाली सुताचा धागा केसभर सरकवला की स्वर गुंजू लागे. चार तारांसाठी अख्खी दुपार गेली तरी त्यांनी घाई केलेली मी पाहिली नाही. त्यांचे एकही छायाचित्र माझ्यापाशी नाही, याची खंत वाटते.

मिरज-सांगलीतील कोणाच्या घरी अशा कारागिरांची छायाचित्रे, दुरुस्तीच्या पावत्या किंवा ऐकीव आठवणी असल्यास कृपया कळवावे. वृद्ध कारागिरांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याचा अनुभव असलेल्यांनी, त्यांच्या हाताची लय आणि तारेतला फरक दोन्ही नीट टिपता यावेत यासाठी काय करावे, तेही सांगावे.