चुंबकी बटण भरल्या पिशवीवर का सुटते?

प्रश्न:
माझ्या खांद्यावरच्या पिशवीच्या झाकणात दोन सपाट चुंबकी चकत्या कापडाच्या आत शिवलेल्या आहेत. पिशवी रिकामी असताना त्या चटकन चिकटतात आणि सोडवायला चांगला जोर लावावा लागतो; परंतु वह्या आणि पाण्याची बाटली भरली की दोन-चार पावलांतच झाकण उघडते. बोट ठेवून पाहिले, तर चकत्या सरळ विलग होत नाहीत, आधी एक दुसरीवरून बाजूला घसरते. चुंबक क्षीण झाले असावे का? की त्याऐवजी टिचबटण लावावे?

प्रतिसाद १:
रिकाम्या पिशवीत पकड घट्ट असेल, तर चुंबकात दोष नाही. चुंबक सरळ ओढीला जितका विरोध करते, तितका बाजूच्या ओढीला करत नाही, कारण तेथे घसरण थोपवणारे केवळ घर्षण असते आणि गुळगुळीत चकत्यांमध्ये ते सरळ ओढीच्या जोराच्या जेमतेम पाव हिश्श्याएवढे, कित्येकदा त्याहूनही कमी भरते. पिशवी फुगली की झाकण नेमके बाजूला ताणले जाते. शिवाय दोन चकत्यांमध्ये कापडाचे दोन थर आहेत, आणि एवढ्या बारीक फटीनेही आकर्षण झपाट्याने घटते. पिशवीला कधी कडक इस्त्री केली होती का, हे मात्र आठवून पाहावे. साधे निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या वर तापले, तर त्याची शक्ती कायमची कमी होऊ शकते.

प्रतिसाद २:
टिचबटणाचे नेमके उलटे आहे. १८८५ मध्ये जर्मनीत हेरिबर्ट बाउअर यांनी त्याचे पेटंट घेतले. अशा बटणाच्या खोलगट भागात डोकावून पाहिले, तर बऱ्याचदा दोन बारीक तारा समोरासमोर बसवलेल्या दिसतात. वरचे बोंड दाबले की त्या फाकतात, बोंड आत जाते आणि तारा परत येऊन त्याच्या मानेला धरतात. तो ‘टक्’ आवाज याच क्षणी येतो. त्यामुळे कापड आडवे कितीही ओढले तरी बटण सहसा सुटत नाही, पण कडेने उचलले की लगेच निघते. ताण मात्र सगळा कापडावर येतो, म्हणून मागे जाड कापडाची पट्टी न लावता ते बसवू नये, नाहीतर बटण तसेच राहते आणि भोवतालचे कापड फाटते.

प्रतिसाद ३:
चुंबकाला कमी लेखू नये, एवढेच सांगावेसे वाटते. पूर्वी फ्रिजच्या दारांना बाहेरून खटका असे आणि आत अडकलेल्या मुलांना ते उघडता येत नसे; अशा मृत्यूंमुळे अमेरिकेने १९५६ मध्ये आतून उघडतील अशी दारे सक्तीची करणारा कायदा केला. आज दाराच्या रबरी पट्टीतले चुंबक दार चहूबाजूंनी हवाबंद ठेवते आणि आतून ढकलले की सोडतेही. घरात लहान मुले असतील, तर चुंबक शिवणीतून निसटत नाही ना, हे अवश्य पाहावे. दोन चुंबके गिळली गेली, तर ती आतड्याच्या भिंतींमधून एकमेकांना ओढून आतडे चिमटून धरतात, आणि ही जिवावर बेतणारी गोष्ट आहे.

प्रश्नकर्ता:
इस्त्री कधीच केली नव्हती. चकत्यांच्या जागी, मधोमध खाच आणि समोर तिच्यात बसणारा उंचवटा असलेले चुंबकी बटण कापडाच्या वरून लावून घेतले. बाजूची ओढ आता उंचवटा पेलतो, आणि बाटलीसकट जिना उतरूनही झाकण मिटलेलेच राहिले.