डॅलोनेगाचं झिजलेलं नाणं घ्यावं की सॅन फ्रान्सिस्कोचं कोरं?

गारगोटी (धागाकर्ता)
एकोणिसाव्या शतकातली अमेरिकी सोन्याची नाणी जमवायची आहेत आणि खिसा बेताचा आहे, तर पैसे कशात घालावेत? माझं मत ठाम आहे. ग्रेडच्या, म्हणजे नाणं किती चांगल्या स्थितीत आहे ते सांगणाऱ्या, आकड्यामागे लागू नका. जॉर्जियातल्या डॅलोनेगाचं, माणसांच्या हातून फिरून झिजलेलं पाच डॉलरचं नाणं घ्या. सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीच्या १८५७ च्या कोऱ्या वीस डॉलरच्या नाण्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

१८५७ च्या सप्टेंबरात 'एसएस सेंट्रल अमेरिका' ही आगबोट कॅलिफोर्नियाचं सोनं घेऊन न्यूयॉर्ककडे निघाली होती. कॅरोलिनाच्या किनाऱ्यापासून दूर ती वादळात बुडाली, चारशेवर माणसं गेली. त्या वर्षाचं कोरं वीस डॉलर पुढे कित्येक दशकं दुर्मीळ मानलं जात होतं. १९८८ पासून समुद्रतळावरून तीच नाणी हजारोंनी वर आली आणि दुर्मीळपणा संपला.

डॅलोनेगाची टांकसाळ १८३८ ते १८६१ एवढीच चालली आणि तिथे फक्त सोन्याचीच नाणी पडली. १८४० पासूनच्या पाच डॉलरवर गरुडाखाली, किमतीच्या अक्षरांच्या वर, टांकसाळीची खूण म्हणून बारीक 'डी' दिसतो. गरुडाच्या मानेची पिसं पुष्कळदा ठसतानाच पुसट राहिलेली असतात. ती झीज आहे की कच्चा ठसा, हे भिंगाखाली ताडून बघण्यात खरा आनंद आहे.

काटेकोर
गारगोटी, तुम्हाला आनंद होतो तिथेच नवख्या माणसाचा घात होतो. फिलाडेल्फियाच्या तेव्हाच्या सोन्याच्या नाण्यांवर टांकसाळीची खूणच नसे. त्यामुळे तिथलं स्वस्त नाणं घ्यायचं, त्यावर 'डी' चिकटवायचा आणि डॅलोनेगाचं म्हणून विकायचं, हा जुना धंदा आहे. वर घासून चकाकी आणलेली नाणी वेगळीच.

आणि हिशेब बघा. वीस डॉलरमध्ये ०.९६७५ औंस शुद्ध सोनं आहे. उद्या हौशी लोकांची आवड बदलली तरी सोन्याचा भाव कुठे जात नाही. डॅलोनेगाच्या पाच डॉलरमध्ये पाव औंसही सोनं नाही, बाकी सगळी किंमत हौसेची. बेताचा खिसा असणाऱ्याला हा सल्ला देणं मला पटत नाही.

पुतळीमाळ
काटेकोर यांच्या मुद्द्यात भर. आपल्याकडच्या पुतळीहारातल्या नाण्यांसारखी तिकडची नाणीही दागिन्यांत गेली. काठ नीट फिरवून बघा, कडी काढल्यावरही तिच्या जोडाची खूण राहतेच. स्लॅबमध्ये, म्हणजे ग्रेडिंग कंपनी नाणं तपासून ज्या प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करते तिच्यात, काठ पूर्ण दिसत नाही, म्हणून प्रमाणपत्र बघा. पण स्लॅबचीही नक्कल होते, तेव्हा त्यावरचा क्रमांक ग्रेडिंग कंपनीच्या नोंदीतल्या फोटोशी जुळवा.

गारगोटी
काटेकोर, सोन्याच्या भावासाठीच घ्यायचं असेल तर सरळ सोनं घ्या, नाणं कशाला? मी संग्रहाबद्दल बोलतोय.

काटेकोर
मग संग्रहाबद्दलच बोलू. आजची टंचाई उद्याही राहील, हे तुम्ही गृहीत धरताय. २०१३ साली कॅलिफोर्नियात एका जोडप्याला स्वतःच्या जमिनीत पुरलेल्या डब्यांत १,४२७ सोन्याची नाणी सापडली. तसा एखादा डबा जॉर्जियात निघाला तर?

गारगोटी
निघू दे. जेवढी पाडली त्यापेक्षा जास्त तर निघणार नाहीत. डॅलोनेगाचं तीन डॉलरचं नाणं एकाच वर्षी, १८५४ साली पाडलं, तेही १,१२०.

काटेकोर
नुसत्या पाडलेल्या संख्येवर जाऊ नका. १८२२ ची पाच डॉलरची १७,७९६ नाणी पाडली, आज माहीत आहेत तीन. त्यातली दोन अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात. नाण्यातल्या सोन्याचा भाव दर्शनी किमतीच्या वर गेला आणि लोकांनी ती वितळवली. मग १८३४ च्या कायद्याने नाण्यातलं सोनं कमी केलं. किती उरली, हाच प्रश्न खरा.

गारगोटी
हे शंभर टक्के मान्य. म्हणून तर उरलेलं, फिरलेलं नाणं मला मोलाचं वाटतं.

अलगूज
तुम्ही दोघं भाव आणि संख्या मोजताय. ते सोनं आलं कुठून? उत्तर जॉर्जियाची ती जमीन चेरोकी या मूळनिवासी लोकांची होती. सोनं सापडल्यावर राज्याने १८३२ मध्ये सोडत काढून ती गोऱ्यांना वाटली. १८३८ च्या एप्रिलमध्ये डॅलोनेगात पहिली नाणी पडली आणि मे महिन्यात सैन्याने चेरोकींना घराबाहेर काढून पश्चिमेला हाकलायला सुरुवात केली. त्या वाटेवर हजारो मेले. असं नाणं मखमलीवर मांडायला माझं मन धजत नाही, मी घेणार नाही.

गारगोटी
अलगूज, तुमचं म्हणणं मी टाळणार नाही. पण नाणं वितळवून तो अन्याय भरून निघत नाही, पुरावा मात्र जातो. माझ्याकडच्या नाण्याच्या चिठ्ठीवर टांकसाळ आणि साल याखाली ही हकीकत लिहिलेली आहे. कोणी बघायला आलं की आधी तीच वाचून दाखवतो.

अलगूज
चिठ्ठी चांगली, पण पैसे दलालाला गेले, चेरोकींना नाही. पुरावा संग्रहालयात असावा, तिजोरीत नव्हे.

काटेकोर
या मुद्द्यावर मी अलगूज यांच्या बाजूने नाही. खाजगी संग्राहकांनी जपलं नसतं तर यातलं बरंच संग्रहालयापर्यंत पोचलंच नसतं. १९३३ मध्ये सरकारने सोनं जमा करायला सांगितलं, तेव्हा संग्राहकांच्या दुर्मीळ नाण्यांना सूट होती. म्हणून ती वितळण्यातून वाचली. पण गारगोटी, पहिली खरेदी म्हणून मी अजूनही साधं, स्लॅबमधलं वीस डॉलरच सुचवीन. डॅलोनेगा दोन-तीन वर्षं भिंग हातात धरल्यावर.