मदत हवी आहे: माहीमच्या किनाऱ्यावर सफाई, रविवार कोणता धरू आणि मुलांना काय सांगू?

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीतले काही जण आणि जवळच्या ज्युनियर कॉलेजची एनएसएसची (राष्ट्रीय सेवा योजनेची) मुलं मिळून माहीमचा किनारा साफ करायचं ठरलंय. पन्नास-साठ डोकी जमतील. पोस्टर मुलांनीच केलंय, त्यावर ठळक अक्षरांत 'हवामान बदलाविरुद्ध आमची कृती'. पोस्टर झकास झालंय, पण घोडं अडलंय तिथेच.

सोसायटीतल्या एका निवृत्त काकांनी ते वाचून विचारलं, "चपला नि पिशव्या उचलून मुंबईचा उकाडा कमी होणार आहे का गं?" मी हसून वेळ मारून नेली. पण मुलंही हेच विचारणार, आणि त्यांना काहीतरी गोलगोल सांगणं मला जमणार नाही. प्रामाणिक उत्तर काय द्यायचं?

बाकीच्या अडचणी साध्या आहेत. हातात दोन रविवार आहेत, एक अष्टमीचा आणि एक पौर्णिमेनंतरचा, वद्य द्वितीयेचा. वेळ सकाळी सात ते नऊ, कारण नंतर मुलांचे क्लास. यातला कुठला बरा? गोळा केलेला कचरा पुढे कुठे जाईल याची सोय कशी करायची? आणि कोळीवाड्यातल्या लोकांच्या कामात आपण लुडबूड करतोय असं होऊ नये, त्यासाठी काय पाळावं? अनुभवी लोकांनी सांगा.

— जास्वंद

खाडीकाठ:
ताई, द्वितीयेचा रविवार घ्या, डोळे मिटून.

आमच्याकडे साधा हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. दोन्ही पक्षांना चालतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि ओहोटी थेट दुपारी बाराला. तुम्ही सातला पोचाल तेव्हा पाणी अंगावरच असेल. द्वितीयेला भरती दीडला, त्याच्या सव्वासहा तास आधी म्हणजे सव्वासातला पुरती ओहोटी. नऊपर्यंत मोकळी वाळू मिळेल. शिवाय पौर्णिमेचं उधाण नुकतंच होऊन गेलेलं असतं, त्याने वर आणून टाकलेला कचरा पट्ट्यात पडलेला सापडतो. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी जोराची भरती असते, तेव्हा पाणी तितकं वर चढत नाही. हिशोब अंदाजाचा आहे, अर्धा तास इकडेतिकडे होतो. पक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून घ्या.

कोळीवाड्याचं म्हणाल तर आदल्या आठवड्यात जाऊन भेटा, पोस्टर घेऊन नको, नुसत्या गप्पा मारायला. वाळूत पडलेलं प्रत्येक जाळं कचरा नसतं, काही सुकायला टाकलेली असतात, काही शिवायची असतात. विचारल्याशिवाय जाळ्याला नि दोरीला हात लावायचा नाही एवढं मुलांना बजावा. मागे एका किनाऱ्यावर उत्साही मंडळींनी कुणाची तरी चांगली दोरी गोणीत भरली होती, मग जो तमाशा झाला तो विचारू नका.

गोणपाट:
द्वितीयेला +१.

सामानाचं सांगतो. काळ्या प्लास्टिक पिशव्या अजिबात आणू नका. ओली वाळू भरली की तळातून फाटतात, आणि प्लास्टिक उचलायला नवं प्लास्टिक हा विनोद वेगळाच. भाजीवाल्याकडून कांद्याच्या जाळीच्या गोण्या मागून घ्या. हलवल्या की वाळू गळून जाते, वजन निम्मं होतं. सोबत दोनचार दाताळी आणि घमेली. पातळ हातमोजे काचेपुढे टिकत नाहीत, जाड रबरी घ्या. पायात बूट पाहिजेतच, चपला चालणार नाहीत. सुई-सिरिंज दिसली तर मुलांनी हात लावायचा नाही, मोठ्यांना हाक मारायची, त्यासाठी जाड झाकणाचा डबा वेगळा ठेवा.

वाळूत रुतलेल्या साड्या-चादरी हा सगळ्यात दमवणारा प्रकार. एक साडी उपसायला चार जण लागतात. त्यांच्यामागे सकाळ घालवू नका, सुटली तर सुटली.

कचऱ्यासाठी महापालिकेच्या जी उत्तर विभागाच्या कार्यालयात घनकचरा व्यवस्थापन खात्याला आधी पत्र द्या, तारीख, वेळ, अंदाजे गोण्या लिहून. त्या भागाच्या मुकादमाला समक्ष भेटलात तर काम लवकर होतं. गोण्या भरतीरेषेच्या वर, गाडी पोचेल अशा जागी रचा, नाहीतर दुपारी दीडची भरती सगळं परत घेऊन जाईल.

पाण्याच्या बाटल्या तेवढ्या वेगळ्या काढा, त्या भंगारात जातात. वेफर्सची पाकिटं आणि गुटख्याच्या पुड्या कुणी घेत नाही, त्यात प्लास्टिक आणि चकचकीत थर एकमेकांना चिकटलेले असतात.

तिरकस:
फोटो काढा, स्टेटस टाका, नाश्त्याला जा. पुढच्या उधाणाला किनारा होता तसा. दर पावसाळ्यात समुद्र मुंबईला तिचं देणं परत करतो, पेपरात बातमी येते, झालं.

गोणपाट:
@तिरकस, एका रविवारचं म्हणाल तर तुमचं खरंय. पण वर्सोव्याला वकील अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये किनारा साफ करायला सुरुवात केली आणि लोक आठवड्यामागून आठवडे येत राहिले. मार्च २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. कचरा तिथेही पावसाळ्यात परत येतोच, माणसंही परत येतात.

अर्धवट_अभियंता:
काकांच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असंच द्या. कचरा उचलल्याने उकाडा कमी होत नाही. हे मुलांना पहिल्याच वाक्यात सांगितलंत तर पुढचं ती ऐकतील.

मग पुढचं काय, तर माहीमच्या किनाऱ्यावरचा बराचसा कचरा तिथे बसून कुणी टाकलेला नाही. विहार आणि पवईच्या तलावांपाशी निघणारी मिठी साधारण १८ किलोमीटर शहरातून वाहत माहीमच्या खाडीत उतरते. वाटेत कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल (बीकेसी), धारावी. जी पिशवी तुमच्या गोणीत येते ती आधी कुठल्यातरी गटारात, नाल्यात अडकून आलेली असते. तीच पिशवी जुलैत नाल्याच्या तोंडाशी बसली की पाणी तुंबतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. हवा तापली की ती जास्त बाष्प धरते, म्हणून थोड्या तासांत धो धो कोसळण्याचं प्रमाण वाढतं. त्यात वरून भरती असली की पातमुखं, म्हणजे नाले समुद्रात उघडतात ती तोंडं, पाण्याखाली जातात आणि शहरातलं पाणी समुद्रात जाऊच शकत नाही. समुद्राची पातळी वाढतेय, म्हणजे हा त्रास वाढणारच. नाला मोकळा ठेवणं हे येणाऱ्या हवामानाला तोंड द्यायचं काम आहे. तापमान कमी करायचं काम वेगळं.

त्या दुसऱ्या कामाशी नातं आहे, पण पातळ. प्लास्टिक खनिज तेल आणि वायूपासून बनतं, त्यामुळे कमी वापरलं तर थोडा फरक पडतो. त्याहून मोठी गोष्ट ओल्या कचऱ्याची. देवनारच्या कचराभूमीसारख्या कचऱ्याच्या डोंगरात तो हवेशिवाय कुजतो आणि मिथेन सुटतो, जो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपट तरी जास्त उष्णता धरतो. म्हणून तुमच्या सोसायटीत ओला कचरा जिरवायची सोय असेल तर ती मुलांना आवर्जून दाखवा. महापालिकेच्या मार्च २०२२ च्या हवामान कृती आराखड्यात २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट आहे. त्यातला हिशोब बघितला तर मुंबईचं सर्वात जास्त उत्सर्जन ऊर्जेतून, म्हणजे मुख्यतः विजेतून, मग वाहतुकीतून आणि त्यानंतर कचऱ्यातून.

माझं मत विचाराल तर पोस्टर बदलू नका, पण दोन मुलांना मोजणीला बसवा. १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी असलेल्या वस्तू, म्हणजे स्ट्रॉ, प्लास्टिकचे चमचे, सजावटीचा थर्मोकोल, किती निघाल्या ते वेगळं लिहा आणि तो कागद विभाग कार्यालयात द्या. पन्नास गोण्यांच्या फोटोपेक्षा अशा कागदावर प्रश्न विचारणं सोपं जातं.

जास्वंद:
सगळ्यांचे मनापासून आभार! द्वितीयेचा रविवार नक्की केला. काकांना 'नाही' हे उत्तर कळवलं, ते खूश होऊन म्हणाले, मग मोजणीला मी बसतो :)

दोन शंका राहिल्या. निर्माल्य आणि मूर्तींचे तुकडे दिसले तर? आणि खाडीच्या बाजूला तिवरांच्या मुळांत खूप प्लास्टिक अडकलंय, तिकडे मुलांना नेऊ का?

खाडीकाठ:
निर्माल्य वेगळ्या गोणीत, पण आधी हार-फुलांतली पिशवी आणि थर्मोकोल काढून, मग त्याचं खत होतं. मूर्तीचे तुकडे गोणीत कोंबू नका, मोठ्या माणसांनी बाजूला नीट ठेवावेत आणि मुकादमाला सांगावं. कुणाचं मन दुखावलं की सफाई राहते बाजूला. शंख-शिंपले, समुद्री शेवाळ, वाहून आलेलं लाकूड उचलायचं नाही, त्यात खेकडे-किडे असतात.

तिवरांत यावेळी नको. चिखल मांडीपर्यंत येतो आणि वर आलेली श्वासाची मुळं पायाखाली मोडतात. ते थोड्या जाणत्या माणसांचं काम आहे, वनखात्याच्या कांदळवन कक्षाला विचारून करायचं.

आणि पत्रात गाडीची वेळ साडेआठ लिहा, नऊ नको. नऊला मुलं क्लासला पळाली की गोण्या चढवायला तुम्ही आणि काका दोघंच उराल.