मदत हवी आहे: जमिनीतल्या गारव्यावर घर थंड ठेवता येईल का?

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ कळंब्याकडं घर बांधायला काढलंय. पाया अजून उघडाच आहे, म्हणून आत्ताच विचारतोय.

परवा भर दुपारी बाहेर ३८ अंश होतं. बोअरचं पाणी बादलीत काढून थर्मामीटर बुडवला, तर २७! खाली वर्षभर जवळपास तेवढंच राहतं म्हणे. हा फुकटचा गारवा घरात कसा आणायचा?

एक मार्ग म्हणजे दहा फूट खोल पाइप पुरून त्यातून पंख्यानं हवा ओढायची. पण इथं चार फुटांवरच काळा पाषाण लागलाय, ब्रेकरवाल्याचं बिल बघून घाम फुटतो. शिवाय पावसाळ्यातली दमट हवा गार पाइपात शिरली की आत पाणी धरणार, बुरशी, कुबट वास. त्याला उतार देऊन निचरा केला तर भागतं का?

दुसरा म्हणजे बोअरमध्ये बंद पाइपातून पाणी फिरवून हीट पंप, म्हणजे घरातली उष्णता ओढून जमिनीत सोडणारं एसीसारखं यंत्र. पाण्याची मोटर असलेल्याच बोअरमध्ये हे जमेल, की वेगळा बोअर मारावा लागेल?

हिवाळ्यात घर गरम करायची भानगड नको, त्याला गोधडी आहे. मार्च ते मे एवढाच प्रश्न. कोल्हापूर-सांगलीकडं कुणी केलं असेल तर येऊन बघायची तयारी आहे.